न घेण्याचे व्रत आणि आपण व्यापारी

आपल्या संघाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा अडत, तोलाई-हमालीचे दर अथवा यंदाचे तुरीचे भाव यांवर आम्ही काही लिहू अशी त्यांची अपेक्षा असावी. ते विषय महत्त्वाचे आहेतच. पण त्यांवर अधिकाराने लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. आम्ही आज अशा एका चळवळीविषयी लिहिणार आहोत, की जिचे नाव काढताच दुकानदाराच्या कपाळाला आठी पडावी. ही चळवळ गिऱ्हाइकाला सांगते, ‘आज काही घेऊ नकोस.’ धान्याच्या घाऊक पेढीवर जन्म काढलेल्या माणसाने तिची बाजू घ्यावी, हे काहींना विपरीत वाटेल. तथापि आमचे मत असे आहे, की ही चळवळ व्यापाराची वैरीण नव्हे. ती आपल्याच घरची वस्तू आहे; परक्या वेषात परत आली म्हणून आपण तिला ओळखत नाही एवढेच. आपल्या समाजातील काही तरुणांनी तिला ओळखले, आणि वडीलधारी मंडळी त्यांच्यावरच डोळे वटारून बसली आहेत. त्या प्रकरणाकडे आम्ही येऊच. पण आधी ही चळवळ काय आहे ते सांगितले पाहिजे.

कॅनडा देशातील व्हँकुव्हर शहरी १९९२ च्या सप्टेंबरात टेड डेव्ह नावाच्या एका कलावंताने ‘काहीही विकत न घेण्याचा दिवस’ प्रथम पाळला. ‘ॲडबस्टर्स’ या तिथल्या नियतकालिकाने ती कल्पना उचलून धरली. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, खरेदीची अशी झुंबड उडते की त्या दिवसाला ‘ब्लॅक फ्रायडे’ असे नावच पडले आहे. १९९७ पासून न घेण्याचा दिवस मुद्दाम त्याच शुक्रवारी पाळू लागले. अन्य देशांत तो शनिवारी पाळतात. यात दगडफेक नाही, दुकान बंद पाडणे नाही. कोणी बाजारात कात्री घेऊन बसतो आणि ज्याला आपले क्रेडिट कार्ड कापून हवे असेल त्याला कापून देतो. कोणी मोठ्या दुकानांत जाऊन रिकाम्या हातगाड्या ढकलत एकामागून एक, तोंडातून शब्द न काढता, साऱ्या दालनांतून फिरतात आणि काही न घेता बाहेर पडतात. कात्रीचा प्रकार आम्हांस थोडा नाटकी वाटतो. परंतु रिकाम्या गाड्यांची ती मूक दिंडी आम्हांस आवडली. आपल्याकडे भाव विचारून रिकाम्या पिशवीने परतणाऱ्यास कोणी आंदोलक म्हणत नाही. भवानीची वेळ असली तर दुकानदार मनातल्या मनात चरफडतो, इतकेच.

ही माणसे रिकामटेकडी आहेत असे म्हणून विषय झटकता येत नाही. २००८ साली २८ नोव्हेंबरच्या पहाटे, अशाच एका शुक्रवारी, न्यूयॉर्कजवळच्या व्हॅली स्ट्रीम येथे एका प्रचंड दुकानाचे दार उघडण्याआधीच सुमारे दोन हजारांचा जमाव काचा फोडून आत घुसला आणि दाराशी उभा असलेला चौतीस वर्षांचा हंगामी कामगार त्यांच्या पायांखाली मेला. दुष्काळात धान्याच्या गाडीवर भुकेलेल्यांनी तुटून पडावे, हे आपण समजू शकतो. पण ही पोट भरलेल्यांची गर्दी होती. तिला स्वस्त दरातली यंत्रे आणि खेळणी हवी होती.

त्याहून मोठा हिशेब बांगलादेशातील आहे. ढाक्याजवळ सावर येथे ‘राणा प्लाझा’ नावाची आठ मजली इमारत होती. तिच्या वरच्या मजल्यांवर पाश्चात्य देशांसाठी तयार कपडे शिवले जात. २३ एप्रिल २०१३ रोजी तिच्या भिंतींना तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यावरील बँकेने व दुकानांनी कामकाज थांबवले. शिवणकाम करणाऱ्या बायाबापड्यांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावले, कारण माल वेळेवर रवाना व्हायचा होता. २४ एप्रिलला इमारत कोसळली आणि ११३४ माणसे मेली. आपण व्यापारी आहोत. मालाची पडती किंमत काढताना भाडे, हमाली, तूट, व्याज सारे धरतो. त्या कापडाच्या बिलात हे ११३४ जीव कोणत्या रकान्यात मांडले होते? कापूस पिकवण्यासाठी १९६० नंतर मध्य आशियातील अमू दर्या व सिर दर्या या नद्यांचे पाणी कालव्यांनी वळवले गेले आणि अरल नावाचा समुद्र बहुतांशी आटून गेला. त्याच्या तळावर आज गंजलेली गलबते उभी आहेत. तेही कोणत्याच बिलात नव्हते. आणि इतके मोल देऊन झालेले कपडे पुरते वापरलेही जात नाहीत. दक्षिण अमेरिकेत चिली देशाच्या आटाकामा वाळवंटात टाकून दिलेल्या कपड्यांचे डोंगर पडले आहेत. आपल्या पानिपतास परदेशांतील जुन्या लोकरी कपड्यांची गाठोडी उतरतात, त्यांचे धागे पिंजून पुन्हा ब्लँकेटे होतात, हा तरी त्यातल्या त्यात शहाणपणाचा धंदा म्हणावा.

पृथ्वी एका वर्षात जितके पुन्हा उत्पन्न करू शकते, तितके मनुष्यजात कोणत्या तारखेपर्यंत खाऊन संपवते, याचा हिशेब काही शास्त्रज्ञ दरवर्षी मांडतात. २०२५ साली ती तारीख २४ जुलै निघाली. इतका मोठा जमाखर्च नेमक्या दिवसापर्यंत मांडता येतो काय, याविषयी आमच्यातला मुनीम थोडा साशंक आहे. परंतु चार-आठ दिवस इकडे-तिकडे झाले तरी अर्थ बदलत नाही. जुलैअखेर वर्षाचे व्याज संपवून पुढचे पाच महिने मुद्दल खाणाऱ्या पेढीस आपण काय म्हणतो, आणि तिच्या हुंडीवर किती विश्वास ठेवतो, हे रविवार पेठेतील कोणत्याही गुमास्त्यास विचारावे.

आता, शांतपणे ‘न घेणे’ हे शस्त्र आपणांस कोणी कॅनडातून आणून द्यावयास नको. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते आपल्या बेळगावातच, १९२४ च्या डिसेंबरात. १९३०-३१ च्या चळवळीत विदेशी कापडाच्या दुकानांसमोर स्त्रिया हात जोडून उभ्या राहत आणि येणाऱ्यास विनवीत, की हे घेऊ नका. तेव्हाही कापडवाल्यांनी विचारलेच होते, की आम्ही काय करावे? त्यांतील कितीकांनी आपल्या विदेशी मालाच्या गाठींना मोहरा लावून त्या बंद करून ठेवल्या. ते व्यापारीच होते, आणि त्यांनाही व्याज भरावे लागत होते.

त्याही मागे गेलो तर ही गोष्ट आपल्या नित्यनेमातच सापडते. समंतभद्राचार्यांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त भोगोपभोग-परिमाण हे श्रावकाचे व्रत सांगितले आहे. एकदा वापरून संपते तो भोग, जसे अन्न; पुन्हा पुन्हा वापरता येतो तो उपभोग, जसे वस्त्र. दोहोंची मर्यादा श्रावकाने स्वतः बांधून घ्यायची. ती मर्यादा जन्मभरासाठी असेल तर तिला ‘यम’ म्हणतात आणि ठरावीक काळासाठी असेल तर ‘नियम’. म्हणजे व्हँकुव्हरच्या त्या गृहस्थाने पाळला तो आपल्या भाषेत एका दिवसाचा नियमच झाला. फरक इतकाच, की त्याने तो चव्हाट्यावर पाळला. परिग्रह-परिमाणाच्या यादीत घर, शेत, सोने यांच्या पंक्तीस धान्यही आहे, हे आम्हां धान्यवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावे. त्या व्रताचे अतिचार सांगताना आचार्यांनी अतिसंग्रहाबरोबर ‘विस्मय’ हाही दोष गणला आहे. दुसऱ्याचे वैभव पाहून डोळे विस्फारणे हा दोष! आजच्या जाहिरातीचा सारा व्यापार या एका शब्दावर उभा आहे. १९४९ साली आचार्य तुलसी यांनी राजस्थानात सरदारशहर येथे अणुव्रत आंदोलन सुरू केले, तेव्हा ही छोटी व्रते त्यांनी पंथाबाहेरच्या माणसांसमोरही ठेवली. ज्या समाजाचे मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतात, त्या समाजास मर्यादेचा अर्थ समजावून सांगण्याचा प्रसंग यावा, हेच खरे तर नवल. ओंजळीत जेवणाऱ्याच्या मागे उष्टे काय राहणार?

आणि आता त्या प्रकरणाकडे येतो.

गेल्या वैशाखात आपल्या समाजातील एका विवाहाचा स्वागतसमारंभ झाला. यजमान सालस आहेत, त्यांचे नाव घेण्याचे कारण नाही. जेवणाचे पदार्थ आम्ही सहज मोजले, ते त्रेपन्न भरले. आणि तेही सूर्यास्तानंतर, पण तो विषय वेगळा. निमंत्रितांपैकीच सहा-सात तरुण मुलामुलींनी त्या रात्री जेवण घेतले नाही. उष्टी ताटे गोळा करतात त्या जागी त्यांनी एक काटा मांडला. प्रत्येक पिंप भरले की ते तोलायचे आणि मागच्या फळ्यावर खडूने आकडा लिहायचा, एवढेच ते करीत होते. कोणास हटकले नाही, घोषणा दिली नाही. रात्री अकराच्या सुमारास फळ्यावरची बेरीज १३६ किलो झाली होती. दुसऱ्या दिवशी संघाकडे तक्रारअर्ज आला, की हा यजमानाचा अपमान आहे, सबब त्या मुलांच्या वडिलांनी लेखी क्षमा मागावी. तो अर्ज कार्यकारिणीपुढे आहे.

क्षमा मागण्याचे काही कारण नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपण तराजूवर पोट भरणारी माणसे. पेढीवर दसऱ्याला आपण काट्याची पूजा करतो. तोच काटा ताटाशेजारी मांडला तर त्याचे एवढे भय का वाटावे? त्यांनी शिवी दिली असती, पाहुण्यांची ताटे हिसकावली असती, तर आम्ही स्वतः त्यांचे कान धरले असते. त्यांनी फक्त माप केले.

तथापि त्या मुलांनाही दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. मिठाच्या सत्याग्रहापूर्वी गांधीजींनी २ मार्च १९३० रोजी प्रत्यक्ष व्हाइसरॉयला पत्र लिहून आपला बेत कळवला होता. वधूच्या बापाला निदान तेवढा मान द्यावयास हवा होता. दुसरे असे, की पाहुण्याचे ताट तोलले, पण आचाऱ्याची पातेली तोलली नाहीत. खरी नासाडी तिथे असते. त्रेपन्न पदार्थ मांडल्यावर पाहुणा प्रत्येकाचा चमचाभर घेणारच, आणि तेवढ्यातही पोट भरून चार पदार्थ टाकणारच. दोष यादीचा, आणि डाग मात्र पाहुण्याला. पुढच्या खेपेस काटा मुदपाकखान्यात न्यावा.

अन्न हा आमच्या रोजच्या व्यवहाराचा विषय, म्हणून थोडे आकडे देतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगातील घरे, उपाहारगृहे व दुकाने मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेले. यात साली, हाडे वगैरेही धरली आहेत, हे खरे. तरीही क्विंटलाच्या पोत्यांत मोजायचे तर ती एक हजार पन्नास कोटी पोती झाली. गिऱ्हाइकापर्यंत पोचलेल्या अन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा. आणि त्यातील साठ टक्के घरांतून टाकले गेले. त्याच सुमारास जगात ७८ कोटी लोक उपाशी होते. धान्य पिकवण्यास लागलेले पाणी, खत, डिझेल आणि शेतकऱ्याची पाठ, हे सारे त्या पोत्यांबरोबर उकिरड्यावर गेले. आणि उकिरड्यावर कुजताना त्यातून निघणारा मिथेन वायू हवेचा ताप वाढवतो तो निराळाच.

१९६५ साली, युद्ध आणि अवर्षण एकदम आले असताना आणि अमेरिकेच्या गव्हावर देश विसंबून असताना, लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. सोमवारी संध्याकाळी घराघरांतल्या चुली थंड राहिल्या, हॉटेलांनीही आपण होऊन दारे लावली. आमच्या वडिलांच्या पिढीतील अनेकांनी तो सोमवार पुढे कित्येक वर्षे चालवला. तेव्हा टंचाई होती, म्हणून दिल्लीहून सांगावे लागले. आता कोठारे भरलेली आहेत, त्यामुळे दिल्लीहून कोणी काही सांगणार नाही. मग पोरांनीच काटा मांडला तर त्यात नवल कसले?

आमचे एक व्यापारीमित्र म्हणतात, ‘लोकांनी घेणे सोडले तर हमाल, शिंपी, आचारी यांनी कोठे जावे?’ हा आक्षेप पोकळ नाही. राणा प्लाझानंतरही त्या बायांचे म्हणणे ‘आमचे कपडे घेऊ नका’ असे नव्हतेच. शिवणकाम गेले असते तर त्या उपाशी मेल्या असत्या. कामगार संघटनांनी मोठ्या कंपन्यांना सुरक्षिततेच्या बंधनकारक कराराकडे ओढले, तो २०१३ च्या मे महिन्यात झाला. विलायतेत काही जणींनी २४ एप्रिल या दिवशी कंपन्यांना एकच प्रश्न विचारण्याची चळवळ सुरू केली, की आमचे कपडे कोणी शिवले? आम्हांस ही रीत अधिक नेमकी वाटते. निषेधाचा रोख कामगाराच्या भाकरीवर नव्हे, तर उधळपट्टीवर असला पाहिजे.

शिवाय अति उपभोगाने माणसांना काम मिळते, हे अर्धेच खरे आहे. बारदानाचे उदाहरण घ्या. तागाचे पोते एकदा रिकामे झाले की ते मेले, असे आपल्या पेठेत कधी नव्हते. बारदानवाला ते नेई, त्याच्याकडे बाया दाभण-सुतळीने ते सांधीत, पुढच्या सुगीत ते पुन्हा भरून येई. फाटके झाले की गोठ्यात, पावसात छपरावर, दारात पाय पुसण्यास; आणि अखेर उकिरड्यावर पडले तरी दोन पावसाळ्यांत त्याची माती होई. एका पोत्यावर किती घरे जगत! आज किलो-किलोच्या चकचकीत पिशव्या यंत्रातून बंद होऊन येतात. त्या फाडल्या की तिथेच त्यांचे आयुष्य संपले, आणि कचरा म्हणून त्यांचे दुसरे आयुष्य आपल्या नातवंडांनंतरही चालू राहणार. २०१९ साली जगात ३५ कोटी टनांहून अधिक प्लॅस्टिक-कचरा झाला आणि त्यातील केवळ नऊ टक्के पुन्हा वापरात आला, असा हिशेब आहे. कल्हईवाला, जुनी गादी पिंजणारा, छत्री दुरुस्त करणारा, तळ बदलून देणारा चांभार, या सर्वांना कोणी उपाशी मारले? न घेणाऱ्यांनी नव्हे. भारत सरकारने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकण्याच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर बंदी घातली आहे. गेल्या मोसमात किती कार्यालयांत ती पाळलेली दिसली, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

धर्मकार्यातही आपण आता हात आखडत नाही. आठ उपवास पूर्ण झाले की पारण्याच्या दिवशी मिरवणूक, फलक आणि घरोघर प्रभावना. पूर्वी प्रभावनेत खडीसाखर नाहीतर नारळ असे. आता स्टीलचे डबे, प्लॅस्टिकचे संच, तपस्व्याचे छायाचित्र छापलेली घड्याळे. ज्याने आठ दिवस अन्न वर्ज्य केले, त्याच्या नावाने पाचशे घरांत नको असलेला पाचशेवा डबा पोचवायचा, यात तपाचा कोणता गौरव होतो, हे आम्हांस उमगत नाही. तोच पैसा एखाद्या वसतिगृहातील मुलांच्या वर्षभराच्या ज्वारी-तांदळास दिला तर तपस्व्याचे नाव काही बुडणार नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही एक ठराव मांडणार आहोत. सभासदांच्या घरच्या कार्यात पदार्थांची संख्या अकराच्या वर नसावी. भोजन दिवस असतानाच व्हावे. न वापरलेले शिजलेले अन्न दोन तासांच्या आत गरजूंकडे पोचवण्यासाठी संघाने एक गाडी व एक माणूस ठेवावा, त्याचा पहिल्या वर्षाचा खर्च धान्यबाजारातील पेढ्या उचलतील. शिल्लक अन्नाचे माप घेण्याचे काम त्या सहा-सात तरुणांकडेच सोपवावे, आणि तो आकडा फक्त यजमानास सांगावा, फळ्यावर नको. कार्यकारिणीपुढील अर्ज याच सभेत निकाली काढावा. काही सभासदांनी आम्हांस खाजगीत सांगितले, की अकरा हा आकडा फारच कमी आहे. त्यांनी तो सभेत वाढवून मागावा. आम्ही पंधरापर्यंत तयार आहोत, त्यापुढे नाही.

प्रारंभ संघाच्या घरापासूनच करावा हे उत्तम. या स्मरणिकेच्या प्रकाशनसमारंभानंतर सभासदांस सहभोजन आहे. भोजन समितीने पदार्थांची कच्ची यादी आम्हांस पाहावयास दिली आहे; तीत तूर्त सत्तावीस पदार्थ आहेत.